समुद्रातल्या तेल-वायू सुरक्षेचा नियामक: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

समुद्रातल्या एखाद्या प्लॅटफॉर्मला आग लागली की चार दिवस बातम्या येतात आणि एक प्रश्न हमखास विचारला जातो: नियामक काय करत होता? प्रश्न रास्त आहे. पण त्याचं काम काय, त्याच्या हातात काय असतं आणि काय नसतं, हे माहीत नसेल तर उत्तर पटत नाही. नेहमी विचारले जाणारे प्रश्न इथे एकत्र घेतले आहेत. काही उत्तरं लांबली आहेत, कारण तिथे थोडक्यात सांगून भागत नाही.

या नियामकाचं काम नेमकं काय असतं?

समुद्रातल्या प्लॅटफॉर्मवर ज्वालाग्राही वायू, प्रचंड दाबाखालचे पाइप, फिरती यंत्रं आणि माणसांच्या झोपायच्या खोल्या एकाच पोलादी सांगाड्यावर असतात. आग लागली तर पळायला रस्ता नाही, खाली समुद्र आहे. अशा ठिकाणी मोठा अपघात होऊ नये आणि झालाच तर माणसं जिवंत परतावीत, म्हणून कंपनीने केलेली तयारी खरी आहे की कागदावरची, हे तपासणं म्हणजे या नियामकाचं काम. त्यासाठी तो सुरक्षेची कागदपत्रं तपासून मान्य किंवा अमान्य करतो, प्लॅटफॉर्मवर जाऊन पाहणी करतो, अपघातांची आणि थोडक्यात टळलेल्या अपघातांची चौकशी करतो आणि वेळ आली तर काम बंद पाडतो.

म्हणजे सुरक्षेची जबाबदारी नियामकाची?

नाही, आणि याबाबत गोंधळ झाला की पुढचं सगळं बिघडतं. धोका जो निर्माण करतो, तो ताब्यात ठेवायची जबाबदारीही त्याचीच. प्लॅटफॉर्म चालवणाऱ्या ऑपरेटर कंपनीकडे रोज तिथे असणारी माणसं आहेत, नकाशे आहेत, देखभालीच्या नोंदी आहेत, पैसा आहे. नियामकाचे निरीक्षक वर्षातले मोजके दिवस तिथे असतात. ‘निरीक्षक बघून गेले, म्हणजे आता ठीक आहे’ असं कंपनीला वाटू लागलं, तर तपासणी न झालेली बरी म्हणायची वेळ येते.

देशोदेशी हे काम कोण करतं?

ब्रिटनमध्ये हेल्थ अँड सेफ्टी एक्झिक्युटिव्ह, म्हणजे एचएसई. नॉर्वेत स्टाव्हांगर शहरातून चालणारं हावटिल, ज्याचं नाव २०२३ अखेरपर्यंत पेट्रोलियम सेफ्टी ऑथॉरिटी होतं. ऑस्ट्रेलियात नॉप्सेमा, अमेरिकेत बीएसईई, ब्राझीलमध्ये एएनपी. भारतात पेट्रोलियम मंत्रालयाखालचं तेल उद्योग सुरक्षा संचालनालय, म्हणजे ओआयएसडी. २००८ च्या सागरी सुरक्षा नियमांनुसार समुद्रातल्या कामांचे अधिकार त्याच्याकडे आहेत. प्रत्येकाची घडण वेगळी आहे, पण पुढे जे लिहिलं आहे ते थोड्याफार फरकाने सगळ्यांना लागू पडतं.

प्रत्येक चर्चेत पायपर अल्फाचं नाव का येतं?

कारण आजची जवळजवळ सगळी व्यवस्था त्या एका रात्रीनंतर उभी राहिली.

पायपर अल्फा हा ॲबरडीनच्या ईशान्येला, उत्तर समुद्रातला ऑक्सिडेंटल कंपनीचा प्लॅटफॉर्म. ६ जुलै १९८८ ला दिवसपाळीच्या लोकांनी कंडेन्सेटच्या (वायूतून निघणाऱ्या ज्वालाग्राही द्रवाच्या) एका पंपाचा सेफ्टी व्हॉल्व्ह तपासणीसाठी काढला. संध्याकाळी सहापर्यंत तो परत बसला नाही, म्हणून उघड्या पाइपच्या तोंडावर ब्लाइंड फ्लँज, म्हणजे तोंड झाकणारी चकती, लावून काम दुसऱ्या दिवसावर टाकलं. त्या कामाचं परमिट, म्हणजे लेखी परवानगी, ‘स्थगित’ म्हणून जमा झालं. त्याच पंपाच्या देखभालीचं परमिट वेगळं होतं आणि दोन्ही परमिटं एकमेकांना जोडलेली नव्हती. रात्री पावणेदहाच्या सुमारास चालू असलेला दुसरा पंप बंद पडला. तो काही केल्या सुरू होईना. वीजनिर्मिती बंद पडायची वेळ आली, तेव्हा रात्रपाळीने पहिल्या पंपाची कागदपत्रं पाहिली. देखभाल अजून सुरूच झाली नाही, मग पंप वापरायला हरकत नाही, असं त्यांना वाटलं. व्हॉल्व्ह जागेवर नाही, ही गोष्ट पंप सुरू करणाऱ्यांपर्यंत पोहोचलीच नव्हती. पंप सुरू झाला, फ्लँजमधून कंडेन्सेट गळालं आणि दहाच्या सुमारास पहिला स्फोट झाला.

इथवरची गोष्ट एका चुकीची आहे. त्यानंतर जे झालं ते वर्षानुवर्षांच्या दुर्लक्षाचं. अग्निरोधक भिंती तेलाच्या आगीसाठी बांधलेल्या होत्या, स्फोटाचा धक्का त्यांनी सोसला नाही. पाणबुडे समुद्रात असताना पंपांनी त्यांना ओढून घेऊ नये म्हणून आग विझवायचे पंप आपोआप चालू होण्याची सोय बंद ठेवली होती. शेजारच्या क्लेमोर आणि टार्टन प्लॅटफॉर्मवरून तेल-वायू येतच राहिला, कारण स्वतःच्या अधिकारात उत्पादन थांबवायला तिथले प्रमुख कचरले. वीसेक मिनिटांत टार्टनकडून येणारी वायूची मोठी पाइपलाइन फुटली. राहत्या भागात जमलेली माणसं हेलिकॉप्टरची आणि आदेशाची वाट पाहत राहिली. आदेश आला नाही, धूर आला. १६७ माणसं गेली, त्यातली दोन बचाव बोटीवरची होती. ६१ जण वाचले, आणि त्यातल्या अनेकांनी ‘थांबा’ ही सूचना न मानता वरून समुद्रात उड्या मारल्या होत्या.

तेव्हा नियामक नव्हता का?

होता. ऊर्जा खात्याचा निरीक्षक त्याच वर्षी जूनमध्ये पायपर अल्फावर जाऊन आला होता. चौकशी करणाऱ्या लॉर्ड कलन यांनी अहवालात त्या तपासणीवर फार कडक शब्दांत ठपका ठेवला: सुरक्षा-व्यवस्थापनाची पारख म्हणून ती जवळपास निरुपयोगी इतकी वरवरची होती. परमिट पद्धत कशी चालते, पाळी बदलताना माहिती कशी दिली जाते, याच्या मुळाशी ती गेलीच नाही.

कलन यांचा अहवाल नोव्हेंबर १९९० मध्ये आला. त्यातल्या १०६ शिफारशी ब्रिटिश सरकारने आणि उद्योगाने सगळ्याच्या सगळ्या स्वीकारल्या. सुरक्षेचं काम ऊर्जा खात्याकडून काढून १९९१ मध्ये एचएसईकडे दिलं गेलं आणि १९९२ मध्ये सेफ्टी केसचे नियम आले. ऑक्सिडेंटलवर मात्र कधीच फौजदारी खटला चालला नाही.

सेफ्टी केस म्हणजे काय?

कंपनीने नियामकापुढे मांडलेली, पुराव्यांनिशी सिद्ध करायची बाजू. ‘आमच्या या प्लॅटफॉर्मवर मोठे धोके हे आहेत, ते अमुक कारणांनी घडू शकतात, ते रोखायला आम्ही हे केलं आहे, रोखता आलं नाही तर माणसं इतका वेळ इथे सुरक्षित राहतील आणि या मार्गाने बाहेर पडतील.’ प्रत्येक वाक्यामागे गणित, चाचणी किंवा नोंद हवी. आग लागल्यावर आसऱ्याची जागा धुरापासून किती वेळ वाचेल? तिथपर्यंत जाणारे दोन रस्ते एकाच स्फोटात बंद होतील का? लाइफबोटी कोणत्या बाजूला आहेत आणि वारा उलटा असेल तर काय?

सेफ्टी केसची खरी किंमत ती लिहिताना वसूल होते. तिथे काम करणाऱ्यांनीच बसून लिहिली तर कितीतरी गोष्टी लिहितालिहिताच सापडतात. सल्लागाराकडून शेकडो पानांचा ग्रंथ लिहून घेतला, आणि प्लॅटफॉर्मवरच्या माणसांनी तो उघडलाही नाही, तर ती कपाटाची शोभा होते. निरीक्षकाला हा फरक कळायला वेळ लागत नाही. कंट्रोल रूममधल्या ऑपरेटरला एवढंच विचारावं: ‘तुमच्या प्लॅटफॉर्मवरचा सगळ्यात मोठा धोका कोणता आणि तो कशामुळे आटोक्यात आहे?’ उत्तर येतं की नाही, यावरून पुष्कळ समजतं.

नियामकाने सेफ्टी केस मान्य केली, म्हणजे प्लॅटफॉर्म सुरक्षित आहे असं समजायचं का?

नाही. मान्यतेचा अर्थ इतकाच की कंपनीने मांडलेली बाजू तर्काला धरून आहे, आणि लिहिल्याप्रमाणे वागलं तर धोका आटोक्यात राहील. खरी मेख ‘लिहिल्याप्रमाणे वागलं तर’ यात आहे. म्हणून मान्यतेनंतरच्या तपासण्या मान्यतेइतक्याच महत्त्वाच्या. शिवाय सेफ्टी केस कायमची नसते; ब्रिटन आणि ऑस्ट्रेलियात दर पाच वर्षांनी, किंवा प्लॅटफॉर्ममध्ये मोठा बदल होताना, ती पुन्हा तपासावी लागते. पायपर अल्फा मुळात तेलासाठी बांधला होता, वायूची यंत्रणा नंतर बसवली, तीही कंट्रोल रूमच्या जवळ. असे बदल एकेक करून होतात आणि एकत्रित परिणाम कुणीच मोजत नाही. पुन्हा तपासायची अट त्यासाठीच आहे.

सरळ नियमच का लिहून देत नाहीत? ‘अमुक जाडीचा पाइप, इतक्या लाइफबोटी’ असे?

काही नियम असेच लिहिलेले असतात आणि असावेतही. पण फक्त यादीवर चालणाऱ्या पद्धतीत कंपनी यादी पूर्ण करते आणि विचार करायचं थांबते. यादी लिहिणाऱ्याला जे सुचलं नाही ते राहूनच जातं. खोल समुद्रातली तरंगती नौका आणि उथळ पाण्यातला चाळीस वर्षांचा जुना प्लॅटफॉर्म यांना एकच यादी पुरत नाही. म्हणून ब्रिटन, नॉर्वे, ऑस्ट्रेलिया यांनी उद्दिष्ट सांगायचं आणि ते कसं गाठलं हे कंपनीने सिद्ध करायचं, ही वाट धरली. अमेरिकेत तपशीलवार नियमांचा भर अजूनही जास्त आहे, पण २०१० नंतर तिथेही कंपन्यांना सुरक्षा-व्यवस्थापनाची स्वतःची पद्धत बसवणं सक्तीचं झालं.

या वाटेलाही धोका आहे. उद्दिष्टावर चालणाऱ्या पद्धतीत नियामकाकडे कंपनीच्या इंजिनिअरशी बरोबरीने वाद घालू शकणारी माणसं लागतात: विहिरीचं शास्त्र कळणारी, गंज ओळखणारी, स्फोटाचं गणित तपासणारी. अशी माणसं उद्योगात याहून बरेच जास्त पैसे कमावतात. नियामकाला ती मिळाली नाहीत आणि टिकली नाहीत, तर उद्दिष्टांची भाषा म्हणजे कंपनीला मोकळं रान. माझ्या मते कुठल्याही देशाचा नियामक जोखायचा असेल, तर त्याच्या कायद्याआधी त्याच्याकडे कामाला असलेली माणसं पाहावीत.

धोका ‘शक्य तितका कमी’ केला, हे ठरवतं कोण?

या मोजपट्टीचं मूळ १९४९ मधल्या एका इंग्लिश खाण-खटल्यात आहे. धोका कमी करायचा उपाय उपलब्ध असेल, तर तो करायचाच. न करण्याला कारण एकच, त्याचा खर्च आणि त्रास मिळणाऱ्या सुरक्षेच्या मानाने अतोनात जास्त असणं. नुसता जास्त असून चालत नाही, आणि ते सिद्ध करायचं ओझं कंपनीवर. म्हणजे ‘परवडत नाही’ हे उत्तर होऊ शकत नाही. व्यवहारात इथेच सगळ्यात जास्त घासाघीस होते.

निरीक्षक प्लॅटफॉर्मवर गेल्यावर काय पाहतो?

हेलिकॉप्टरमधून उतरला की आधी त्यालाच सुरक्षेची माहिती दिली जाते: मस्टरची, म्हणजे आणीबाणीत जमायची, जागा, लाइफबोट, अलार्मचे आवाज. ही माहिती किती गांभीर्याने दिली जाते, इथपासून पाहणी सुरू होते.

मग कागद. परमिटांचा फलक: आज कोणती कामं चालू आहेत, एकाच यंत्रावर दोन परमिटं असतील तर ती जोडलेली आहेत का, स्थगित परमिटं कुठे ठेवली आहेत आणि रात्रपाळीला ती दिसतात का. बायपास केलेल्या सुरक्षा-यंत्रणांची यादी: कुठला गॅस डिटेक्टर बंद ठेवला आहे, कधीपासून, कुणाच्या सहीने, आणि ‘दोन दिवसांसाठी’ म्हणून केलेला बायपास दोन महिने तसाच आहे का. रखडलेल्या देखभालीची यादी. रंगकाम रखडलं तर फार बिघडत नाही. आणीबाणीत पाइपलाइन बंद करणाऱ्या व्हॉल्व्हची चाचणी रखडली तर बिघडतं.

मग हिंडायचं. समुद्राच्या खाऱ्या हवेत पोलाद सतत कुरतडलं जातं, आणि गंज नेमका तिथे लपतो जिथे हात पोहोचत नाही: पाइपच्या आधाराखाली, इन्सुलेशनच्या आत, जाळीच्या कडेला. चांगला निरीक्षक मुख्य वाट सोडून गुडघ्यावर बसून खाली बघतो. आसऱ्याच्या जागेचं दार स्वतः उघडून बंद करतो, रबराची पट्टी तडकलेली आहे का पाहतो. आगीवर पाणी फवारणारी डेल्यूज यंत्रणा शेवटची कधी खरोखर चालवली आणि कुठली तोंडं तुंबलेली निघाली, हे विचारतो. पायपर अल्फावर ती मिठाने तुंबतात हे आधीपासून माहीत होतं.

आणि माणसं. रात्री पाळी बदलताना गुपचूप बाजूला उभं राहून हँडओव्हर ऐकणं, याइतकं उपयोगी काही नाही. जाणारा माणूस येणाऱ्याला काय सांगतो? वही पुढे सरकवून ‘सगळं नॉर्मल’ म्हणतो, की ‘बी पंपाचं सील गळतंय, लक्ष ठेव’ म्हणतो? कंत्राटी कामगारांशी मॅनेजर सोबत नसताना बोलणं हेही तितकंच गरजेचं, कारण प्लॅटफॉर्मवरची बरीच धोक्याची कामं तेच करत असतात.

अचानक तपासणी का करत नाहीत?

अधिकार बहुतेक ठिकाणी असतो. अडचण अशी की तिथे पोहोचायला कंपनीचंच हेलिकॉप्टर लागतं आणि झोपायला कंपनीचीच खाट. तरी यात फारसं बिघडत नाही. रंग आठवड्यात मारता येतो. देखभालीच्या वर्षभराच्या नोंदी आणि माणसांच्या सवयी आठवड्यात बदलत नाहीत.

‘इतके दिवस एकही अपघात नाही’ असे फलक लावतात. ते खरे मानायचे का?

आकडा खरा असू शकतो, पण तो वेगळ्याच गोष्टीचा असतो. घसरून पडणं, बोट चेमटणं, डोक्यावर काही पडणं, हे कमी झालं तर चांगलंच. पण त्यावरून स्फोटाचा धोका कमी झाला असं ठरत नाही, कारण दोन्हींची कारणं निराळी आहेत.

२० एप्रिल २०१० ला मेक्सिकोच्या आखातात डीपवॉटर हॉरायझन रिगवर स्फोट झाला, तेव्हा कामाचा एकही दिवस वाया घालवणारी दुखापत तिथे सात वर्षं झालेली नव्हती. त्याच दिवशी कंपन्यांचे वरिष्ठ अधिकारी रिगवर आलेले होते. त्याच दिवशी मकोंडो विहीर नीट बंद झाली आहे का हे पाहायची दाबाची चाचणी घेतली गेली. ड्रिल पाइपवर १,४०० पीएसआय दाब दिसत होता, किल लाइनमधून, म्हणजे विहिरीला जोडलेल्या दुसऱ्या नळीतून, काहीच वाहत नव्हतं. दोन्ही एकाच विहिरीला जोडलेले असताना असं दिसायला नको होतं. तिथल्या लोकांनी त्याला एक स्पष्टीकरण शोधलं, ते एकमेकांना पटवलं आणि चाचणी यशस्वी धरली. रात्री विहीर उसळली. ११ माणसं गेली आणि विहिरीतून वाहणारं तेल थांबायला ८७ दिवस लागले.

म्हणून नियामक दुसरे आकडे मागतो: हायड्रोकार्बनची, म्हणजे तेल-वायूची, गळती किती वेळा झाली आणि किती मोठी, सुरक्षा-व्हॉल्व्ह चाचणीत किती वेळा नापास झाले, किती अलार्म वाजले आणि किती दुर्लक्षित राहिले. नॉर्वेत दरवर्षी संपूर्ण उद्योगाच्या धोक्याचा आढावा प्रसिद्ध होतो आणि त्यात सेकंदाला ०.१ किलोपेक्षा मोठी प्रत्येक गळती मोजली जाते, आग लागो वा न लागो. गळती कळवणाऱ्या कंपनीला लगेच झोडपलं, तर पुढची गळती कळवली जाणार नाही. कुठे सबुरी आणि कुठे बडगा, हे ओळखणं या कामातलं सगळ्यात अवघड कसब आहे.

विहिरीवर वेगळी देखरेख का लागते?

कारण विहिरीमागे अख्खा तेलसाठा दाबाखाली असतो. प्लॅटफॉर्मवरची गळती व्हॉल्व्ह बंद करून थांबवता येते; उसळलेल्या विहिरीला तो व्हॉल्व्हच उरलेला नसतो. म्हणून कुठल्याही क्षणी साठा आणि माणसं यांच्यामध्ये किमान दोन स्वतंत्र, तपासलेले अडथळे असावेत, हा जगभरचा दंडक आहे. ‘तपासलेले’ या शब्दाला इथे मोल आहे.

२१ ऑगस्ट २००९ ला तिमोर समुद्रातली माँटारा विहीर उसळली. तळाशी भरलेलं सिमेंट नीट बसलेलं नव्हतं आणि त्याची खात्री करून घेतली गेली नव्हती. वर दाब सोसणारी दोन झाकणं बसायची होती, बसलं एकच. विहीर ३ नोव्हेंबरला आटोक्यात आली. कुणाचा जीव गेला नाही, पण चौकशीत आणखी एक गोष्ट उघड झाली: ऑस्ट्रेलियाचा तेव्हाचा सुरक्षा नियामक प्लॅटफॉर्म पाहत होता आणि विहिरींचं काम वेगळ्याच प्रादेशिक खात्याकडे होतं, आणि त्या खात्याने कागद जवळजवळ न वाचता मंजूर केले होते. १ जानेवारी २०१२ पासून सुरक्षा, विहिरी आणि पर्यावरण एकाच छताखाली आणून नॉप्सेमा सुरू झालं. कंपनीला दंड झाला ५,१०,००० ऑस्ट्रेलियन डॉलर.

तेलाचे परवाने देणारं खातंच सुरक्षाही पाहू शकत नाही का?

पाहू शकतं, पण ते जमलं नाही असाच अनुभव आहे. ज्या खात्याचं यश महसुलावर मोजलं जातं, त्याने उत्पादन थांबवायचा आदेश काढायचा म्हणजे स्वतःच्याच पायावर कुऱ्हाड. अमेरिकेत मिनरल्स मॅनेजमेंट सर्व्हिस हे एकच खातं भाडेपट्टे देत होतं, रॉयल्टी गोळा करत होतं आणि सुरक्षाही पाहत होतं. मकोंडोनंतर त्याचे तीन तुकडे झाले: महसूल २०१० मध्ये वेगळा काढला आणि १ ऑक्टोबर २०११ पासून भाडेपट्टे एकाकडे, सुरक्षा बीएसईईकडे. नॉर्वेने हे पाऊल कुठल्याही अपघाताची वाट न पाहता २००४ मध्ये उचललं, आणि मला ते जास्त मोठं वाटतं. लिहिलेली विभागणी पुरत नाही हेही खरं. दोन्ही खाती एकाच मंत्र्याला उत्तरदायी असतील, तर सुरक्षेचा फोन आणि उत्पादनाचा फोन यात आधी कुठला उचलला जातो, त्यावर सगळं ठरतं.

जहाजं, बार्ज, हेलिकॉप्टर यांचं काय?

इथे अधिकारांची हद्द सुरू होते, आणि अपघात हद्द बघून होत नाहीत. हेलिकॉप्टर विमानवाहतुकीच्या नियामकाकडे, जहाज सागरी प्रशासनाकडे, आणि प्लॅटफॉर्मच्या भोवतालचा साधारण ५०० मीटरचा सुरक्षा-पट्टा पेट्रोलियमवाल्यांकडे.

२७ जुलै २००५, मुंबईच्या त्या भीषण पावसाच्या दुसऱ्या दिवशी, मुंबई हाय नॉर्थ प्लॅटफॉर्मवर नेमकं हेच झालं. ‘समुद्र सुरक्षा’ या जहाजावरच्या एका जखमी कर्मचाऱ्याला उपचारासाठी प्लॅटफॉर्मवर उतरवायचं होतं. जहाज खवळलेल्या समुद्रात जवळ आलं आणि त्याच्या हेलिडेकचा धक्का वायू वाहून नेणाऱ्या रायझरला, म्हणजे समुद्रतळ आणि प्लॅटफॉर्म जोडणाऱ्या उभ्या पाइपला, बसला. गळती, आग, आणि सुमारे दोन तासांत अख्खा प्लॅटफॉर्म नाहीसा झाला. २२ जण मृत किंवा बेपत्ता. जहाजावरच्या दाबाच्या चेंबरमध्ये सहा पाणबुडे अडकले होते. त्यांना बाहेर काढायला सुमारे छत्तीस तास लागले. एका माणसाची मदत करायला केलेली हालचाल होती ती. जहाज कुठल्या बाजूने, किती वाऱ्यात, कुणाच्या परवानगीने जवळ येईल, हे आधी ठरवायचं असतं, कारण त्या क्षणी नाही म्हणणं माणसाला जड जातं.

मे २०२१ मध्ये तौक्ते चक्रीवादळात याच समुद्रात पी-३०५ बार्ज आणि वरप्रदा टग बुडून ८० हून अधिक जीव गेले. वादळाची सूचना आल्यावर बार्ज किती लवकर आणि किती दूर न्यायची हा निर्णय जहाजाचा, कंत्राटदाराचा की तेल कंपनीचा, याचं एकच उत्तर मोसमाआधी लिहून ठेवलेलं हवं.

बांधकामाची मजबुती नियामक स्वतः तपासतो का?

सहसा स्वतंत्र तपासणी संस्था तपासते आणि नियामक तिच्या कामावर नजर ठेवतो. ही तपासणी किती बारीक लागते, हे नॉर्वेच्या हद्दीतल्या अलेक्झांडर किएलँडवरून कळतं. २७ मार्च १९८० ला ही तरंगती वस्ती उलटली आणि १२३ माणसं गेली. एका आडव्या नळीला छोटं उपकरण बसवण्यासाठी जोडलेल्या आधाराचं वेल्डिंग, जेमतेम ६ मिलिमीटरचं, सदोष होतं. तिथून तडा वाढत गेला, नळी तुटली, मग एक पाय.

कामगाराने तक्रार केली तर त्याचं नाव फुटतं का?

कायद्याने फुटू नये, आणि बहुतेक नियामक नाव गुप्त ठेवतात. पण प्लॅटफॉर्मवरची वस्ती लहान असते. कुठल्या पाळीत कोण होतं यावरून अंदाज बांधला जातो. म्हणून मुरलेले निरीक्षक तक्रारीचा मुद्दा नेहमीच्या तपासणीत मिसळून तपासतात. याहून पक्की सोय म्हणजे कामगारांनी निवडलेले सुरक्षा-प्रतिनिधी. नॉर्वेत अशा प्रतिनिधीला जिवाला तातडीचा धोका दिसला तर काम थांबवायचा कायदेशीर हक्क आहे.

नियम मोडले तर नियामक काय करू शकतो?

सुधारणेची नोटीस, ठरावीक मुदतीसह. काम बंदीची नोटीस, तत्काळ. खटला. मान्यता काढून घेणं. यातली बंदीची नोटीस सगळ्यात धारदार, कारण उत्पादन थांबल्याचा रोजचा तोटा दंडापेक्षा कितीतरी मोठा असतो. दंडाची तरतूद बहुतेक देशांत उद्योगाच्या कमाईपुढे किरकोळ आहे आणि ती वाढायला हवी.

नियामकाचा खर्च कोण देतं?

ब्रिटन आणि ऑस्ट्रेलियात मुख्यतः कंपन्याच, शुल्क आणि आकारणीच्या रूपात. रक्कम कायद्याने ठरते, कंपनीच्या मर्जीने नाही, म्हणून मिंधेपणाची भीती कमी. सरकारी अंदाजपत्रकातल्या कपातीपेक्षा ही पद्धत मला बरी वाटते.

प्लॅटफॉर्म जुने झाल्यावर?

तेल कमी येतं, कमाई घटते, गंज वाढतो, आणि मोठी कंपनी ते लहान कंपनीला विकून मोकळी होते. देखभालीला सगळ्यात जास्त पैसा लागतो तेव्हाच तो सगळ्यात कमी असतो. ऑस्ट्रेलियात ‘नॉर्दर्न एंडेव्हर’ या तरंगत्या उत्पादन-नौकेवर २०१९ मध्ये गंजामुळे नॉप्सेमाने बंदीची नोटीस बजावली. नौकेची मालक असलेली छोटी कंपनी दिवाळखोरीत गेली आणि मोडतोडीचं काम सरकारच्या गळ्यात पडलं. त्याच्या वसुलीसाठी सगळ्या उद्योगावर प्रति बॅरल ४८ सेंट आकारणी लावावी लागली. त्यानंतर कायदा बदलला: आताची मालक कंपनी पैसे देऊ शकली नाही, तर आधीच्या मालकांनाही बोलावता येतं. ही तरतूद प्रत्येक तेलउत्पादक देशाने करावी; विकून हात झटकता येत नाहीत हे माहीत असलं, की विकतानाच घेणाऱ्याची कुवत पाहिली जाते.

अपघाताची चौकशी नियामकच करतो?

लहानमोठ्या घटनांची करतो. मोठ्या दुर्घटनेत मात्र नियामकाचं स्वतःचं वागणंही तपासायचं असतं, म्हणून चौकशी त्याच्याबाहेर हवी. पायपर अल्फाची चौकशी न्यायाधीशाने केली, माँटाराची स्वतंत्र आयुक्ताने, मकोंडोची राष्ट्राध्यक्षांनी नेमलेल्या आयोगासह अनेकांनी. त्यातल्या पहिल्या दोन्ही चौकशांनी नियामकालाही सोडलं नाही, आणि त्या उपयोगी ठरल्या त्या त्यामुळेच.

सामान्य नागरिकाला यातलं काय पाहायला मिळतं?

देशागणिक फरक आहे. ब्रिटनमध्ये बजावलेल्या नोटिसांची नोंद कुणालाही पाहता येते, नॉर्वेत तपासणीचे अहवाल कंपनीच्या नावासह प्रसिद्ध होतात, ऑस्ट्रेलियात पर्यावरण आराखडे मंजुरीआधी लोकांपुढे ठेवले जातात. जिथे असं काही प्रसिद्ध होत नाही, तिथे माहिती अधिकारात मागायच्या गोष्टी तीन: मागच्या वर्षी किती तपासण्या झाल्या, त्यातून किती नोटिसा निघाल्या, आणि त्यातल्या किती मुदतीनंतरही उघड्या आहेत. तिसऱ्या आकड्याचा पाठपुरावा सोडू नये.